तळपायावरचा जांभळा डाग: तोरिनोतल्या एका फेल्ट बाहुलीची ओळख पटवताना

हे प्रकरण खरं आहे. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. जिची ही बाहुली, तिला इथे मेघना म्हणू. ती इटलीतल्या तोरिनोत (इंग्रजीत ट्युरिन) नोकरी करते, मूळची रत्नागिरीकडची, आणि गेली काही वर्षं कापडी बाहुल्या जमवते. मी तिच्याआधी बरीच वर्षं या शहरात आले. जुन्या लोकरी वस्तूंची निगा राखायला इथल्या एका वयस्कर बाईंकडून शिकले, त्यामुळे असं काही हाती आलं की मेघना मला फोन करते. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक माझ्या सांगण्यावरून झाली आणि ती भरून निघणारी नाही. म्हणूनच ते सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

इटालियन फेल्ट बाहुली म्हटलं की जमवणाऱ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं लेंची. एलेना कोनिग यांचा जन्म 1886 चा, तोरिनोतला. लेंची हे त्यांचं घरातलं लाडाचं नाव. पुढे त्यांनी एन्रिको स्काविनी यांच्याशी लग्न केलं. पहिलं मूल दगावलं आणि त्या दुःखातून बाहुल्या घडवायला सुरुवात झाली, असं त्यांच्याबद्दल सांगतात. 1919 मध्ये या नवरा-बायकोने तोरिनोतच कंपनी काढली. नावासाठी एक लॅटिन वाक्य जुळवलं होतं, ‘लुदुस एस्त नोबिस कोन्स्तान्तेर इन्दुस्त्रिआ’. खेळ हाच आमचा अखंड उद्योग, असा त्याचा अर्थ. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घेतलं की लेंची. बोधचिन्ह होतं भोवऱ्याचं.

त्या काळी चांगली बाहुली म्हणजे चिनी मातीच्या चेहऱ्याची, पडली की फुटणारी. लेंचीने चेहरा केला लोकरीच्या फेल्टचा. कापड विणलेलं असतं, त्यात ताणा-बाणा असतो. फेल्टमध्ये तो नसतो. ऊब, ओलावा आणि दाब देऊन लोकरीचे तंतू एकमेकांत गच्च बसवलेले असतात, आपल्याकडचा नमदा असतो तसे. वाफेवर फेल्ट मऊ होतं आणि साच्यात दाबलं की तो आकार धरून ठेवतं. तोरिनो ज्यात आहे त्याच पिएमोंते प्रांतात बोर्सालिनोच्या टोप्या 1857 पासून होत आल्या, त्यामुळे तिथल्या लोकांना फेल्ट आणि वाफ यांचं नातं नवं नव्हतं. पण संपूर्ण चेहरा एकाच तुकड्यातून, मधे कुठेही शिवण न घेता काढायचा आणि वर हाताने रंगवायचा, हे लेंचीने ज्या नजाकतीने केलं ते बघत राहावं असं आहे. मार्चेल्लो दुदोविच, जिजी केस्सा, मारिओ स्तुरानी असे चित्रकार त्यांच्यासाठी काम करत. 1928 पासून कंपनीने मातीच्या शोभेच्या वस्तूही काढल्या. मग मंदी आली, पैशांची ओढाताण झाली, आणि 1937 पर्यंत कंपनी स्काविनींच्या हातून गारेल्ला कुटुंबाकडे गेली. पुढे 1970 च्या दशकाच्या शेवटी जुन्या नमुन्यांवरून पुन्हा बाहुल्या निघू लागल्या. 2002 मध्ये कारखाना बंद पडला.

हा इतिहास ओळख पटवताना रोज कामाला येतो. एकाच नावाखाली 1922 ची बाहुली असू शकते, 1950 ची असू शकते आणि 1980 चीही. शिवाय 1920 च्या दशकात लेंचीचं इतकं नाव झालं की इटलीत, फ्रान्समध्ये, इंग्लंडमध्ये अनेकांनी तशाच बाहुल्या काढल्या. नजर एका बाजूला वळलेली, गाल फुगलेले, ओठ मुडपलेले. हा रुसका चेहरा त्या वेळची फॅशनच झाला.

बाजारात

तोरिनोत पोर्ता पालात्सो या चौकाच्या मागे बालोन नावाचा जुना बाजार दर शनिवारी भरतो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्याचं मोठं रूप असतं, ग्रान बालोन. मेघनाला ती बाहुली तिथे दिसली. घड्याळं, पितळी दिवे आणि कपबशांच्या मागे ती उभी केलेली होती. उंची सुमारे 44 सेंटिमीटर, सोनेरी केस, तपकिरी डोळे उजवीकडे वळलेले. अंगात विटक्या नारिंगी रंगाचा फेल्टचा झगा, त्यावर फेल्टचीच फुलं, वर पांढरा ॲप्रन. एक बूट होता, दुसरा नव्हता. डाव्या गालावर डाळीएवढं छिद्र. झग्याच्या मागे, कमरेजवळ, लेंची असं विणलेली एक छोटी फीत शिवलेली होती.

विक्रेत्याने सांगितलं, “विशीतली, म्हणजे 1920 च्या दशकातली लेंची आहे, फीत बघा.” किंमत साडेपाचशे युरो. मेघनाने पाच मिनिटं बाहुली हातात धरली, फीत दोनदा वाचली, घासाघीस करून चारशे वीसला घेतली. त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

त्या पाच मिनिटांत तिने चेहरा आणि फीत एवढंच पाहिलं. झगा वर करून शरीर पाहिलं नाही, हात उलटून बोटं पाहिली नाहीत, आणि ही आली कुठून, सोबत आणखी काय होतं, हेही विचारलं नाही. मी तिला दोष देत नाही. गर्दीत, मागे दुसरं गिऱ्हाईक उभं असताना हातातली वस्तू खाली ठेववत नाही. पण पुढच्या सगळ्या अडचणी त्या पाच मिनिटांतून आल्या.

प्रश्न

संध्याकाळी तिचा फोन आला. “ताई, मला वाटतं मी घाई केली. फितीचा दोरा नवा दिसतोय.”

फीत नंतर शिवलेली असेल तर ती पुरावा उरत नाही. मग तीन गोष्टी ठरवायच्या होत्या. ही लेंची आहे का? असेल तर कोणत्या काळातली? आणि अंगावरचे कपडे हिचेच आहेत का? गालावरच्या छिद्रामुळे त्याआधी आणखी एक प्रश्न उभा राहिला. कसर अजून जिवंत आहे का? मेघनाच्या कपाटात आणखी अकरा लोकरी बाहुल्या होत्या.

पहिला निर्णय: फ्रीजर

हा निर्णय बरोबर ठरला. कपड्यांना कसर लावतो तो छोटा, फिकट सोनेरी पतंग. पण तो स्वतः लोकर खात नाही. खातात त्याच्या अळ्या. त्या अंधारात, घडीत, केसांच्या मुळाशी बसतात, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. मेघनाला झग्याच्या आतल्या शिवणीत तांदळाच्या दाण्याएवढी एक रेशमी नळी सापडली. ते अळीचं घर. रिकामं की भरलेलं, हे डोळ्यांनी सांगता येत नव्हतं.

तीन पर्याय होते. डांबरगोळ्या घालून डब्यात बंद करायचं, जे आपल्या आज्या ट्रंकेत करत आल्या. कीटकनाशक फवारायचं. किंवा थंडीने मारायचं. डांबरगोळ्यांची वाफ रंगांना आणि जुन्या साहित्याला त्रास देऊ शकते, शिवाय माणसालाही ती चांगली नाही. फवाऱ्याने फेल्टवर डाग पडण्याची भीती. राहिली थंडी. घरच्या फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवलं तर अळ्या आणि अंडी मरतात.

बाहुली पातळ आम्लविरहित कागदात गुंडाळली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, हवा काढून पिशवी बंद केली. दोन आठवड्यांनी बाहेर काढून पिशवी न उघडता पूर्ण दिवस खोलीत राहू दिली. यात अनेकजण चुकतात. पिशवी लगेच उघडली तर खोलीतली दमट हवा थंड फेल्टवर बसते, पाणी धरतं, आणि साच्यात दाबलेला चेहरा ओलाव्याने सैल पडतो. फेल्टच्या चेहऱ्याला पाणी म्हणजे शेवट. कुणी प्रेमाने साबणाने धुतलेल्या बाहुल्या मी पाहिल्या आहेत. त्यांचे गाल बसलेले असतात आणि नाक उरलेलं नसतं.

दुसरा निर्णय: इथे मी चुकले

सुरुवातीच्या काही लेंची बाहुल्यांच्या तळपायावर शाईचा शिक्का असतो, जांभळा किंवा काळा. बूट नसलेला पाय उघडा होता, त्यावर मळ होता. मी अजून बाहुली प्रत्यक्ष पाहिलीही नव्हती, नुसते फोटो आले होते. मी मेघनाला म्हटलं, “कापसाचा बोळा किंचित ओला कर, घट्ट पिळ, आणि तळपाय हलकेच टिपून बघ. खाली शिक्का असला तर दिसेल.”

तिने सांगितल्याप्रमाणे केलं. बोळ्यावर मळ आला. मग दुसरा बोळा, त्यावर फिकट जांभळा रंग. ती तिथेच थांबली आणि मला फोटो पाठवला. तळपायावर आता अंगठ्याएवढा धूसर जांभळा डाग होता. अक्षर एकही नाही.

तो शिक्काच होता असं मी आज छातीठोकपणे म्हणू शकत नाही. जांभळा रंग बुटाच्या अस्तराचाही असू शकतो. पण त्या काळची जांभळी शिक्क्याची शाई पाण्यात सहज विरघळते, हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते सांगितलं. कारण एकच, उत्तर लवकर हवं होतं. मला ती बाहुली लेंची ठरायला हवी होती, मेघनाइतकीच.

त्या क्षणी दुसरे मार्ग होते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च तळपायाला जवळजवळ समांतर धरून तिरप्या उजेडात फोटो काढता आला असता. अतिनील टॉर्चने पाहता आलं असतं, मळाखालची शाई कधीकधी त्या उजेडात वेगळी उठून दिसते. यातल्या एकानेही बाहुलीला स्पर्श झाला नसता. आणि मळ तसाच राहिला असता तरी काही बिघडत नव्हतं. नव्वद-शंभर वर्षं तो तिथे होता.

शरीर काय सांगतं

पुढच्या शनिवारी मी मेघनाकडे गेले. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, हात धुऊन कोरडे केले आणि ठरवलं की आज फीत विसरायची. बाहुलीवर एकही खूण नाही असं धरून चालायचं.

कोण नाही ते आधी पाहिलं, कारण ते सोपं असतं. जर्मन श्टाइफच्या जुन्या फेल्ट बाहुल्यांच्या चेहऱ्यावर मधोमध उभी शिवण असते. इथे चेहरा सलग होता. केटे क्रूझेची बाहुली रंगवलेल्या सुती कापडाची, फेल्टची नाही. इंग्लंडच्या नोरा वेलिंग्सच्या बाहुल्यांत मखमल खूप, चॅड व्हॅलीच्याही अनेकांचं अंग मखमलीचं. आमच्या बाहुलीच्या अंगावर मखमलीचा धागा नव्हता. फ्रान्सच्या रेनालच्या बाहुल्या चेहऱ्याने फार जवळच्या वाटतात, पण त्यांचे हात बहुतेकदा बोटं न सुटलेले, मोज्यासारखे, नाहीतर सेल्युलॉइडचे असतात.

मग हात पाहिले. अंगठा सुटा, तर्जनी सुटी, करंगळी सुटी, आणि मधली दोन बोटं एकमेकांना शिवलेली. लेंची ओळखायची ही सगळ्यात जुनी आणि भरवशाची खूण. कान वेगळे लावलेले, फेल्टच्या दोन थरांचे. डोक्यामागे, मानेपाशी, फेल्टच्या कडा एकमेकींना नागमोडी टाक्याने जोडलेल्या. केस मोहेरचे, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीचे, ओळींनी शिवलेले. मान वळते, हात-पाय खांद्यात आणि मांडीत फिरतात.

चेहऱ्याला आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. दुपारी खिडकीशी नेऊन भिंगाने पाहिलं. प्रत्येक डोळ्यात पांढरे दोन ठिपके. वरचा ओठ गडद, खालचा फिकट, आणि खालच्या ओठावर उजेडाचा हलका स्पर्श रंगवलेला. गालांची लाली फवाऱ्यासारखी पसरत गेलेली, कडा नसलेली. भुवईचा एक एक केस सुटा नाही, पण रेषेच्या शेवटी कुंचला उचलल्याचं कळतं. नक्कल करणारे डोळे वळवतात, ओठ मुडपतात. पण हे दोन रंगांचे ओठ आणि डोळ्यांतला तो ओलेपणा बहुतेकांना साधत नाही. मेघना बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आता रडेल असं वाटतं हो ताई.” लहानपणी सावंतवाडीची लाकडी ठकी खेळलेल्या मुलीला हा चेहरा किती वेगळा वाटत असेल, ते मला कळत होतं. ठकी ठाम असते, समोर बघते. ही नजर चुकवते.

काळाचा प्रश्न उरला होता. 1970 च्या दशकाअखेर निघालेल्या प्रतिकृती जुन्याच नमुन्यांवरच्या असल्यामुळे नुसत्या चेहऱ्यावरून घोटाळा होऊ शकतो. इथे अतिनील टॉर्च कामाला आली. कपड्यात आणि दोऱ्यात पांढरेपणा आणणारी चमकद्रव्यं सर्रास वापरात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. अतिनील उजेडात ती निळसर लखलखतात. बाहुलीच्या अंगाच्या शिवणींतला एकही टाका चमकला नाही. केसांखालचं डोकं, कपड्यांखालचं सुती धड, कानांची शिवण, सगळं मंद. ही चाचणी एकटी पुरत नाही, कारण जुना कपडा आजच्या साबणाने धुतला तर तोही चमकतो. पण न चमकणारा दोरा, केसांच्या भांगात उरलेला फेल्टचा मूळ गुलाबी रंग आणि कपड्यांच्या कडेने जुळणारी मळाची रेषा, ही तिन्ही एकच गोष्ट सांगत होती.

कपडे आणि फीत

फितीचा दोरा टॉर्चखाली ट्यूबलाइटसारखा पेटला. फीत स्वतः मात्र जुनी, विटलेली, मंद. म्हणजे खरी फीत, नव्या दोऱ्याने शिवलेली.

मग झग्याचा रंग पाहिला. फेल्ट उजेडाने विटतं, पण जिथे काही झाकलेलं असतं तिथे मूळ रंग राहतो. एका फुलाची पाकळी नखाने किंचित वर केली. खाली भगव्याच्या जवळ जाणारा झळझळीत नारिंगी. म्हणजे फुलं पहिल्यापासून त्याच जागी आहेत. ॲप्रन उचलला तर खालचा रंग बाकीच्या झग्याइतकाच विटलेला. ॲप्रन वर्षानुवर्षं तिथे असता तर त्याखाली ॲप्रनच्या आकाराचा गडद भाग दिसला असता. तो नंतर आला. फितीखालीही तसंच, विटलेलं. बूट असलेल्या पायातल्या मोज्याची वरची कड लाटांसारखी गोलाकार कातरलेली होती, लेंचीच्या मोज्यांची असते तशी.

हे सगळं करताना आम्ही काही उसवलं नाही. जाळून दोरा ओळखण्याची एक पद्धत आहे, सुती दोरा कागदासारखा जळतो आणि नायलॉन वितळतं. मेघनाने विचारलंही. फितीच्या नव्या दोऱ्याचं एक टोक गेल्याने फरक पडला नसता. पण तळपायाच्या प्रकारानंतर माझी बाहुलीचा एक धागाही कमी करायची इच्छा नव्हती.

पुढचे पर्याय

आता हातात काय होतं? बांधणी लेंचीची, शिक्का असलाच तर पुसलेला, झगा मूळचा वाटणारा, ॲप्रन उपरा, फीत खरी पण या बाहुलीची असल्याचा पुरावा नाही.

मेघनापुढे चार रस्ते होते. विक्रेत्याकडे जाऊन, फीत नंतर शिवली आहे म्हणून पैसे परत मागायचे. एखाद्या लिलावगृहाच्या जाणकाराला दाखवायची. ते बहुधा मोफत पाहतात, पण वस्तू विक्रीला यावी अशी त्यांची अपेक्षा असते आणि मेघनाला ती विकायची नव्हती. पैसे मोजून कापड-संवर्धकाचं मत घ्यायचं. किंवा काहीच न करता, स्वतःच्या वहीत ‘इटालियन फेल्ट बाहुली, कारखाना अनिश्चित’ असं लिहून कपाटात ठेवायची.

चौथा रस्ता मला त्या वेळी पटला होता, आणि त्याला कमी लेखू नये. वहीत खोटं नाव लिहिण्यापेक्षा रिकामी जागा बरी. पण मेघनाचा मुद्दा वेगळा होता. गालाचं छिद्र वाढतंय का, बोटांचे टाके सुटतायत का, हे तिला कळायला हवं होतं. ओळख आणि निगा या दोन्हींसाठी तिने संवर्धकाचा रस्ता धरला. आणि त्याआधी विक्रेत्याला भेटायचं ठरवलं. पैशासाठी नाही, चौकशीसाठी.

या क्रमावर आमचा थोडा वाद झाला. मला वाटत होतं आधी मत घ्यावं, मग बोलावं. तिला वाटत होतं, माणसाच्या आठवणी विरतात, फेल्ट थांबतं. तिचं बरोबर होतं.

काय केलं

पुढच्या ग्रान बालोनला आम्ही दोघी गेलो. तिने आवाज चढवला नाही. बाहुली आवडली आहे, तिचं मूळ शोधते आहे, एवढंच सांगितलं. विक्रेता चटकन म्हणाला, “फीत मीच शिवली.” एका घराची आवराआवर झाली होती, तिथून खोका आला. त्यात तीन बाहुल्या आणि सुटे कपडे. फीत एका फाटक्या झग्यावर होती, ती काढून त्याने चांगल्या बाहुलीला लावली, म्हणजे गिऱ्हाइकाला लेंची आहे हे कळेल. लपवण्यासारखं काही केलं असं त्याला वाटत नव्हतं. ॲप्रनही खोक्यातलाच. बाकीच्या दोन बाहुल्या त्याच रविवारी सकाळी, मेघनाच्या आधी, वेगवेगळ्या लोकांनी नेल्या होत्या. खोका त्याने टाकून दिला होता. खोक्यावर काही लिहिलेलं होतं का, त्याला आठवत नव्हतं.

लेंचीची फीत असलेला झगा आणि ही बाहुली एकाच घरात होती, एवढं मात्र कळलं. पुरावा म्हणून ते दुबळं, पण फितीपेक्षा खरं.

संवर्धकाने बाहुली तीन आठवडे ठेवून घेतली. तिचं मत आमच्यापेक्षा सावध होतं. बांधणी, चेहऱ्याची रंगवणी आणि आकार यांवरून लेंची, 300 क्रमांकाच्या मालिकेशी जुळणारी. काळ 1920 च्या दशकाचा उत्तरार्ध ते 1930 च्या दशकाची सुरुवात. जवळचं एक वर्ष सांगायला तिने नकार दिला, कारण एकच नमुना अनेक वर्षं निघत राहायचा. विक्रेता म्हणाला होता त्या ‘विशीतली’ या शब्दाला तिने होकारही दिला नाही आणि नकारही.

गालाचं छिद्र बुजवायचं का, हा शेवटचा निर्णय होता. नव्या फेल्टचा तुकडा खालून लावून रंग जुळवता येतो, दुरून दिसतही नाही. मेघनाने नाही म्हटलं. संवर्धकाने फक्त कडेचे सुटे तंतू स्थिर केले, बारीक जाळी मधे धरून कमी ओढीच्या व्हॅक्यूमने धूळ काढली आणि ॲप्रन सोडवून वेगळ्या पाकिटात दिला. तळपायाला तिने हात लावला नाही. अहवालात लिहिलं, ‘उजव्या तळपायावर जांभळा डाग, ओल्या स्वच्छतेमुळे पसरलेला.’ ते वाक्य वाचताना मला फार वाईट वाटलं. पण ते तिथे असायलाच हवं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

बाजारात विचारायचा पहिला प्रश्न असायला हवा होता, “हिच्यासोबत आणखी काय आलं?” तो त्या सकाळी विचारला असता तर बाकीच्या दोन बाहुल्या गेलेल्या असल्या तरी निदान खोका कदाचित वाचला असता. लोक मला लेंचीच्या खुणा विचारतात. मी आता बोटं आणि कान सांगण्याआधी हा प्रश्न सांगते.

विकत घेताना मेघनाने बाहुली नीट पाहण्यापेक्षा फीत जास्त वाचली. उलटं व्हायला हवं. आधी हात, मग कान, मान, चेहरा, आणि सगळ्यात शेवटी फीत. फीत, कागदी पट्टी, धातूचं बटण, या सगळ्या सुट्या होणाऱ्या आणि पुन्हा लावता येणाऱ्या गोष्टी आहेत. शिवलेली मधली दोन बोटं कुणी नंतर लावत नाही.

आणि पाणी. वस्तू न पाहता फोनवर ओला बोळा सुचवायचा नाही, हे मी स्वतःसाठी लिहून फ्रीजवर लावलं आहे. आधी फोटो, सगळ्या बाजूंनी, तिरप्या उजेडात, अतिनील उजेडात. मळाचाही फोटो. मळ कुठे आहे आणि कुठे नाही, हे तर काळ ठरवताना आम्हाला कामाला आलं.

फ्रीजरचा निर्णय मात्र पुन्हा तसाच घेऊ. वर्षभरात तिच्या कपाटातल्या चिकट सापळ्यात एकही पतंग आला नाही.

सध्या

बाहुली आम्लविरहित कागदाच्या खोक्यात आडवी असते, गुडघ्यांखाली कागदाची वळकटी, म्हणजे पाय लोंबकळत नाहीत. वर्षातून दोन-तीनदा बाहेर येते, तेही पडदे ओढून, कारण विटलेला रंग परत येत नाही. मेघना कधीतरी कायमची रत्नागिरीला जाईल. तिने विचारलं, तिथल्या पावसाळ्यात काय करायचं? कोकणातल्या दमट हवेत लोकरीला बुरशी धरायला वेळ लागत नाही. बंद खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या, छोटा आर्द्रतामापक आणि दर महिन्याला एकदा उघडून पाहणं, एवढं तरी लागेलच. ते तिने वहीत लिहून ठेवलं आहे.

वहीत बाहुलीच्या नावाने चार पानं झाली आहेत. खरेदीची तारीख, विक्रेत्याने सांगितलेलं शब्दशः, फोटो, अहवाल, आणि तळपायाची हकीकत माझ्या नावासह.

हिवाळ्यात विक्रेत्याने तिला बाजारात हाक मारली. गाडीच्या मागच्या भागात त्याला एक फेल्टचा बूट सापडला होता, त्याच खोक्यातला. पैसे घेतले नाहीत. मेघनाने घरी येऊन तो उघड्या पायाशी धरला. सव्वा सेंटिमीटर मोठा, दुसऱ्याच बाहुलीचा. तिने तो पाकिटात घातला आणि वर पेन्सिलीने लिहिलं, ‘हिचा नाही. हिच्यासोबत आलेला.’